सुपरचार्जरच्या जोडीला कॅमशाफ्ट कोणता?

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, हे रणगाड्यांचे शहर म्हणून सर्वांना ठाऊक आहे. चिलखती दलाचे केंद्र व शाळा येथे आहे आणि १९९४ साली सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालयही येथेच आहे. संग्रहालयात गेल्यावर आपले लक्ष साहजिकच तोफांकडे आणि जाड पोलादी पत्र्यांकडे जाते. आज मात्र आपण त्या पत्र्यांच्या आत, एंजिनाच्या खोलीत डोकावणार आहोत. तेथे एक चांगले कोडे दडलेले आहे.

संग्रहालयात सेंच्युरियन नावाचा ब्रिटिश रणगाडा आहे. याच जातीच्या ‘फामागुस्ता’ नावाच्या रणगाड्यातून पूना हॉर्सचे २१ वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत लढले व कामी आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. सेंच्युरियनच्या पोटातले एंजिन म्हणजे रोल्स-रॉइस मीटिऑर : बारा सिलिंडरांचे, २७ लिटरचे, सुमारे ६५० अश्वशक्तीचे. आता मौज पाहा. हे एंजिन जन्माने विमानाचे! दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानात जे मर्लिन एंजिन होते, त्याचाच हा जमिनीवरचा भाऊ. तेवढेच सिलिंडर, तेवढेच २७ लिटर. पण मर्लिन युद्धाच्या आरंभीच १००० अश्वशक्तीच्या वर गेले होते. फरक कशामुळे पडला? रणगाड्यासाठी त्याचा सुपरचार्जर काढून टाकला होता, ते थोड्या कमी फेऱ्यांवर फिरवले जाई आणि त्याला साधे, हलक्या प्रतीचे पेट्रोल चालावे अशी व्यवस्था केली होती.

उलट दिशेचे उदाहरणही आपल्या चिलखती दलातच सापडते. टी-५५ या रणगाड्याचे डिझेल एंजिन ३८.८ लिटरचे व ५८० अश्वशक्तीचे. पुढे आलेल्या टी-७२ चे एंजिन त्याच घराण्यातले, तेवढ्याच ३८.८ लिटरचे, पण त्याला सुपरचार्जर जोडला आणि शक्ती ७८० वर गेली. टी-९० मध्ये त्याच मापाच्या एंजिनाला टर्बोचार्जर लावून १००० अश्वशक्ती मिळवली आहे.

मग तुमच्या मनात सहज येईल, घरच्या मोटारीला असा सुपरचार्जर बसवला तर? गॅरेजमध्ये हा विषय निघाला, की लगेच दुसरा प्रश्न पुढे येतो : “कॅमशाफ्ट कोणता घालायचा?” अनेकांना वाटते, शर्यतीच्या मोटारीचा ‘गरम’ कॅमशाफ्ट आणि सुपरचार्जर असे दोन्ही एकत्र आले म्हणजे शक्ती दुप्पट होईल. प्रत्यक्षात तसे होत नाही. का होत नाही, हे साध्या गणिताने समजते. चला, ते करून पाहू.

कॅमशाफ्टचे काम

चार धावांच्या एंजिनात दट्ट्याच्या चार खेपा असतात, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात : हवा व पेट्रोल आत ओढणे, दाबणे, ज्वलनाने दट्ट्या खाली ढकलला जाणे आणि जळका वायू बाहेर घालवणे. या खेपांना अनुसरून आत घेणारी झडप आणि बाहेर सोडणारी झडप वेळेवर उघडावी व मिटावी लागते. गॅरेजमध्ये त्यांना इनलेट व एक्झॉस्ट व्हॉल्व्ह म्हणतात. हे वेळापत्रक सांभाळतो कॅमशाफ्ट. तो एक दांडा असून त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे, म्हणजे कॅम, असतात. उंचवटा फिरून वर आला की झडप ढकलली जाते. तो पुढे सरकला की स्प्रिंग झडपेला परत बसवते. चार खेपांत क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या होतात, पण प्रत्येक झडप त्यात एकदाच उघडायची असते. म्हणून कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो.

सगळ्याच एंजिनांना कॅमशाफ्ट लागतो असे मात्र नाही. नगरमध्येच कारखाना असलेल्या किनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली बाजारात आणलेली लूना आठवते? तिचे एंजिन दोन धावांचे. सिलिंडरच्या भिंतीतली भोके दट्ट्याच उघडतो आणि झाकतो. झडपा नाहीत, म्हणून कॅमशाफ्टही नाही. मद्रासजवळच्या आवडी येथे तयार झालेल्या विजयंता रणगाड्याचे एंजिनही दोन धावांचेच. प्रत्येक सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन दट्ट्ये, आणि भोकांतून हवा लोटायला एक फुंकणारे यंत्र! वेळापत्रक ठरवायला त्याला कॅम लागत नाही. पण ही सोय महाग पडते : भोके कोठे पाडली, यावर वेळ कायमची ठरून जाते. कॅमशाफ्टचा फायदा असा, की उंचवट्याचा आकार बदलला की सगळे वेळापत्रक बदलते.

अंशांचा हिशेब

झडपेची वेळ सेकंदांत मोजत नाहीत. क्रँकशाफ्ट किती अंश फिरला त्यावर मोजतात. दट्ट्याची एक खेप म्हणजे १८० अंश. समजा, एका साध्या मोटारीत आत घेणारी झडप दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचण्याच्या १० अंश आधी उघडते आणि खालचे टोक ओलांडल्यावर ५० अंशांनी मिटते. म्हणजे ती १० + १८० + ५० = २४० अंश उघडी राहते. याला आपण ‘उघडकाळ’ म्हणू; गॅरेजमध्ये ‘ड्युरेशन’ म्हणतात. झडप जागेवरून किती मिलिमीटर सरकते ती ‘उचल’, म्हणजे ‘लिफ्ट’.

१८० अंशांत काम होत असताना २४० अंश कशाला? कारण हवेलाही वजन आहे आणि तिला वेग घ्यायला वेळ लागतो. मिनिटाला ६००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १०० फेऱ्या. त्या वेगाने २४० अंश म्हणजे अवघा एक-दीडशेवा भाग सेकंद! एवढ्या वेळात सिलिंडर भरायचा. नळीतून धावत आलेली हवा दट्ट्या परत फिरला तरी लगेच थांबत नाही. ती आपल्याच जोराने आणखी थोडी आत घुसते. म्हणून झडप उशिरा मिटवायची.

पण हेच एंजिन रिकामे, मिनिटाला ८०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर २४० अंशांना एक-विसांश सेकंद मिळतो. हवा संथ असते, तिला जोर नसतो. आता वर येणारा दट्ट्या आलेली हवा परत नळीत ढकलतो. झडप ५० अंश उशिरा मिटली तर दट्ट्याच्या खेपेचा सुमारे एक-सप्तमांश भाग असा वाया जातो. शर्यतीच्या कॅमशाफ्टमध्ये झडप ८० अंश उशिरा मिटते, असे धरा. मग सुमारे एक-तृतीयांश खेप वाया! पुस्तकात दाबाचे प्रमाण ९ ला १ लिहिलेले असले, तरी पहिल्या एंजिनात ते प्रत्यक्षात सुमारे ७.९ उरते आणि दुसऱ्यात सुमारे ६.३. म्हणूनच शर्यतीची मोटार वेगात वाऱ्यासारखी जाते आणि चौकात मात्र धापा टाकते.

दोन्ही दरवाजे उघडे

आता आणखी एक गोष्ट. बाहेर सोडणारी झडप आपल्या साध्या मोटारीत दट्ट्या खालच्या टोकाला येण्याच्या ५० अंश आधी उघडते आणि वरचे टोक गेल्यावर १० अंशांनी मिटते, असे धरू. आत घेणारी झडप तर वरच्या टोकाच्या १० अंश आधीच उघडली आहे. म्हणजे २० अंश दोन्ही झडपा एकदमच उघड्या असतात. यालाच ‘ओव्हरलॅप’ म्हणतात.

सिनेमागृहाचे उदाहरण घ्या. तीनचा खेळ सुटला आहे, लोक एका दाराने बाहेर पडत आहेत आणि सहाच्या खेळाचे लोक दुसऱ्या दारातून आत येत आहेत. थोडा वेळ दोन्ही दारे उघडी. बाहेर जाणारा लोंढा वेगात असेल, तर त्याच्या मागे जागा रिकामी होते आणि नवे लोक झटकन आत येतात. वेगाने फिरणाऱ्या एंजिनात असेच घडते. बाहेर धावणारा जळका वायू आपल्या मागे थोडी पोकळी ठेवतो आणि ताजी हवा ओढून घेतो. म्हणून शर्यतीच्या कॅमशाफ्टमध्ये ओव्हरलॅप मुद्दाम मोठा, समजा ८० अंशांचा, ठेवतात.

ओव्हरलॅप किती असेल, हे दोन गोष्टींवर ठरते : उघडकाळ, आणि दोन उंचवट्यांच्या शिखरांमधला कोन. हा कोन कॅमशाफ्टच्या अंशांत मोजतात. सूत्र सोपे आहे. दोन्ही झडपांच्या उघडकाळाची सरासरी काढा, आणि तिच्यातून शिखरांमधल्या कोनाची दुप्पट वजा करा. आपल्या साध्या मोटारीत सरासरी २४०, कोन ११०; म्हणून २४० – २२० = २०. शर्यतीच्या कॅमशाफ्टमध्ये सरासरी ३००, कोन तोच; म्हणून ३०० – २२० = ८०. कोन वाढवला की ओव्हरलॅप कमी होतो, हे सूत्रावरून तुमच्या लक्षात येईलच.

सुपरचार्जर काय करतो?

साधे एंजिन हवा ‘ओढते’ असे आपण म्हणतो. खरे तर दट्ट्या खाली जाऊन जागा करतो आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब हवेला आत ढकलतो. म्हणजे हवा भरण्याची शक्ती वातावरणाच्या दाबाएवढीच. समुद्रकाठी हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम असतो. नगर शहर सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. तेथे तो सात-आठ टक्क्यांनी कमी. याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, १६४६ मीटर उंच कळसूबाईच्या माथ्यावर, तो समुद्रकाठच्या चार-पंचमांशाहून थोडाच अधिक भरतो. साडेपाच हजार मीटरवर उडणाऱ्या विमानाला तर निम्माच दाब मिळतो. मर्लिनला सुपरचार्जर का हवा होता, हे आता कळले ना?

सुपरचार्जर म्हणजे लोहाराच्या भात्याचा थोरला भाऊ. भाता कोळशाला हवा पुरवतो. हा सिलिंडरला पुरवतो. हे नाते नुसते कल्पनेतले नाही. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी १८६० साली ज्या फुंकणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, ते कारखान्यातल्या भट्ट्यांना व खाणींना हवा पुरवायला वापरले जाई. तेच यंत्र पुढे मोटारीत आले. १९२१ साली मर्सिडीझने सुपरचार्जर लावलेल्या मोटारी लोकांपुढे मांडल्या. सुपरचार्जर क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने किंवा दात्यांच्या चाकांनी फिरतो. त्याला फिरवायला एंजिनाचीच काही शक्ती खर्च होते.

समजा, त्याने दाब दीडपट केला. मग हवाही दीडपट भरली का? नाही. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप तापतो, तशी दाबलेली हवा तापते. २७ अंश सेल्सिअसची हवा दीडपट दाबली, तर अगदी आदर्श यंत्रातही ती सुमारे ६४ अंशांपर्यंत जाते. तापलेली हवा पसरते. म्हणून एकूण हवा दीडपट न भरता सुमारे एक-तृतीयांशच अधिक भरते, आणि खऱ्या यंत्रात त्याहूनही थोडी कमी. ५८० वरून ७८० अश्वशक्ती म्हणजेही जवळजवळ एक-तृतीयांशच वाढ आहे, हे पाहून ठेवा. दाबलेली हवा एंजिनात जाण्यापूर्वी थंड करण्यासाठी मोटारींना ‘इंटरकूलर’ लावतात, त्याचे कारणही हेच.

आता कॅमशाफ्ट निवडू

समजा, तुम्ही साध्या पेट्रोल मोटारीला सुपरचार्जर बसवत आहात. ती शर्यतीत न्यायची नाही. नगरहून पाथर्डीला जाताना करंजी घाट चढायचा, बाजारपेठेत हळू चालायचे, सिग्नलला थांबायचे. एकेक प्रश्न विचारत जाऊ.

*पहिला प्रश्न : ओव्हरलॅप किती?* सिनेमागृहाकडे परत या. आता नव्या प्रेक्षकांना मागून कोणी जोराने ढकलत आहे. दोन्ही दारे बराच वेळ उघडी ठेवली, तर त्यांतले काही जण सिनेमा न पाहताच दुसऱ्या दाराने बाहेर पडतील! सुपरचार्जरने दाबलेल्या हवेबरोबर पेट्रोलही असते. ते न जळताच धुराड्यात जाते. पैसा वाया जातो, धूर विषारी होतो आणि न जळलेले पेट्रोल धुराड्यातल्या उत्प्रेरकात पेटून तो उत्प्रेरक तापून खराब होऊ शकतो. शिवाय रिकाम्या फिरण्यात, जेव्हा नळीत दाबाऐवजी पोकळी असते, तेव्हा उलटेच घडते : जळका वायू मागे फिरून ताज्या हवेत मिसळतो आणि एंजिन अडखळते. म्हणजे मोठा ओव्हरलॅप रस्त्यावरच्या सुपरचार्जर मोटारीला दोन्हीकडून मारतो. उत्तर : ओव्हरलॅप लहान हवा. त्यासाठी शिखरांमधला कोन ११० ऐवजी ११२ ते ११५ अंशांच्या आसपास ठेवतात.

*दुसरा प्रश्न : आत घेणाऱ्या झडपेचा उघडकाळ वाढवावा का?* तो वाढवण्यामागे हेतू होता हवेच्या धावेचा फायदा घेण्याचा. आता भरण्याचे काम सुपरचार्जर करतोच आहे. म्हणून मूळ २४० अंश पुरेत. उगाच वाढवले, तर कमी फेऱ्यांवरची ओढ, म्हणजे टॉर्क, घटेल; आणि घाट चढताना तीच हवी असते.

*तिसरा प्रश्न : बाहेर सोडणाऱ्या झडपेचे काय?* येथे गंमत आहे. हवा एक-तृतीयांश जास्त भरली, म्हणजे जळका वायूही तितकाच जास्त झाला. आत येणाऱ्या हवेला ढकलायला सुपरचार्जर आहे. बाहेर जाणाऱ्याला कोणीच नाही. झडप तीच, भोक तेच. म्हणून तिला थोडा अधिक वेळ द्यायचा, समजा १० अंश. ती थोडी लवकर उघडल्याने दट्ट्यावरचा शेवटचा थोडा जोर बुडतो. पण तोवर दट्ट्याची चार-पंचमांश खेप झालेली असते, त्यामुळे तोटा लहान असतो.

आता तिघांची तुलना करू.

साधी मोटार : आत २४०, बाहेर २४०, कोन ११०, ओव्हरलॅप २०.

शर्यतीची, सुपरचार्जरविना : आत ३००, बाहेर ३००, कोन ११०, ओव्हरलॅप ८०.

रस्त्यावरची, सुपरचार्जरसह : आत २४०, बाहेर २५०, कोन ११४; म्हणून २४५ – २२८ = १७.

पाहा, आपला कॅमशाफ्ट शर्यतीच्या कॅमशाफ्टपेक्षा मूळच्या साध्या कॅमशाफ्टलाच किती जवळ आहे! माफक दाबाच्या सुपरचार्जरला कित्येकदा मूळचा कॅमशाफ्टच चालतो, याचे कारण हेच.

*चौथा प्रश्न : स्प्रिंग पुरेल का?* हा प्रश्न हमखास विसरला जातो. आत घेणाऱ्या झडपेचा व्यास ३५ मिलिमीटर असेल, तर तिचे क्षेत्रफळ सुमारे ९.६ चौरस सेंटिमीटर. सुपरचार्जरचा जादा दाब दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोग्रॅम असेल, तर तो बंद झडपेला मागून सुमारे ४.८ किलोग्रॅमच्या जोराने उघडू पाहतो. स्प्रिंगचा दाब ३० किलोग्रॅम असेल, तर त्याचा जवळजवळ सहावा हिस्सा असा खर्ची पडला. बाहेर सोडणारी झडप तर सिलिंडरमधल्या वाढलेल्या दाबाविरुद्ध उघडावी लागते. त्याचा भार कॅमच्या उंचवट्यावर येतो. म्हणून कॅमशाफ्ट आणि स्प्रिंग यांचा विचार एकत्र करावा लागतो. फार कडक स्प्रिंगही उपयोगाची नाही. तिने उंचवटाच झिजून जाईल.

*पाचवा प्रश्न : पेट्रोल सोसेल का?* हवा आधीच दाबलेली आणि तापलेली. तिला सिलिंडरमध्ये आणखी दाबले की ठिणगीनंतर उरलेले मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटते. एंजिनातून ठोके ऐकू येतात. दट्ट्याला भोकही पडू शकते. म्हणून सुपरचार्जरच्या एंजिनात दाबाचे प्रमाण बहुधा कमी ठेवतात. विमानाच्या मर्लिनला उच्च ऑक्टेनचे पेट्रोल मिळत असे; रणगाड्याच्या मीटिऑरला ते मिळणार नव्हते. सुपरचार्जर काढण्याशी या गोष्टीचा किती जवळचा संबंध आहे, ते आता तुम्हीच सांगू शकाल.

नियमाला अपवाद

विज्ञानात कारण कळले की अपवादही कळतात. ओव्हरलॅप लहान हवा, कारण हवेबरोबर पेट्रोल निसटते. पण डिझेल एंजिनात नळीतून नुसती हवाच येते. तेल मागाहून, थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. थोडी हवा निसटली तर नुकसान फारसे नाही. उलट ती जळका वायू धुऊन काढते आणि झडपा थंड करते. म्हणून सुपरचार्जर लावलेल्या मोठ्या डिझेल एंजिनांत ओव्हरलॅप मुद्दाम भरपूर ठेवतात.

टर्बोचार्जरची गोष्ट आणखी निराळी. त्याला पट्टा नसतो. बाहेर जाणारा जळका वायूच त्याची चक्री फिरवतो. १९०५ साली स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचे पेटंट घेतले. चक्रीमुळे वायूची वाट अडते आणि धुराड्याकडचा दाब आतल्या दाबापेक्षाही वाढू शकतो. मग ओव्हरलॅपमध्ये जळका वायूच आत घुसेल! आजच्या अनेक मोटारींत यावर उपाय म्हणून कॅमशाफ्ट चालता चालता काही अंश पुढे-मागे फिरवण्याची सोय असते. एक लिटरच्या तीन सिलिंडरांतून सुमारे १०० अश्वशक्ती काढणाऱ्या टर्बो मोटारी आज आपल्या रस्त्यांवर धावतात.

आणि सर्वांत मजेदार अपवाद जपानचा. माझदा कंपनीने १९९३ साली २.३ लिटरच्या एका मोटारीला सुपरचार्जर लावला, पण आत घेणारी झडप मुद्दाम फार उशिरा मिटवली. दट्ट्या सुमारे पाचवा हिस्सा वर आल्यावरच झडप बंद होई. दाबण्याचे काही काम सिलिंडरऐवजी सुपरचार्जरकडे सोपवले; त्याची तापलेली हवा वाटेत थंड करता येते, पण सिलिंडरमधली थंड करता येत नाही. त्यामुळे ठोक्यांचे भय कमी झाले आणि फुलण्याची खेप मात्र पूर्ण मिळाली. अमेरिकेतले अभियंते राल्फ मिलर यांनी ही कल्पना १९५० च्या दशकात मांडली होती. म्हणून तिला मिलर चक्र म्हणतात. येथे कॅमशाफ्ट आणि सुपरचार्जर यांची जोडी पहिल्यापासून एकमेकांसाठीच आखलेली होती.

हे कोणी करावे?

वाचून हात शिवशिवले असतील, तर एक सांगून ठेवायला हवे. कंपनीने नोंदवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळी होईल अशी दुरुस्ती मालकाने आपल्या मनाने गाडीत करणे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार चालत नाही. हा नियम उगीच केलेला नाही. शक्ती एक-तृतीयांशाने वाढली म्हणजे ब्रेक, क्लच, गिअर, पाणी थंड करण्याची व्यवस्था या सर्वांवरचा भार वाढतो. आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या धूरमर्यादेत मोठ्या ओव्हरलॅपला जागाच उरलेली नाही.

अशा कामाची खरी जागा कोठे आहे? नगरमध्येच! फाळणीनंतर रावळपिंडीजवळच्या चकलाल्याहून एक छोटी वाहन-संस्था नगरला आली. तिचीच पुढे वाहन संशोधन व विकास संस्था झाली. संरक्षण खात्याची ही संस्था सैन्याच्या वाहनांवर काम करते, आणि नव्या गाड्या रस्त्यावर येण्यापूर्वी कायद्याने ज्या चाचण्या लागतात, त्या करण्याचा अधिकारही तिला आहे. अशा ठिकाणी एंजिन मापनयंत्राला जोडून त्याची ओढ, शक्ती आणि धूर प्रत्येक वेगाला मोजतात. कॅमशाफ्ट चांगला की वाईट, हे कानाला येणाऱ्या गुरगुराटावरून ठरत नसते. ते आलेखावर ठरते.

करून पाहा

एंजिनाला हात न लावताही कॅमशाफ्ट निवडण्याचा सराव करता येतो. आलेखाच्या कागदाची ७२ सेंटिमीटर लांब पट्टी तयार करा. १ सेंटिमीटर म्हणजे १० अंश. दर १८ सेंटिमीटरवर एक रेघ मारा आणि चार भागांना क्रमाने नावे द्या : शक्तीची खेप, बाहेर घालवण्याची, आत घेण्याची, दाबण्याची. साध्या मोटारीसाठी १३ पासून ३७ सेंटिमीटरपर्यंत लाल पट्टा काढा. ती बाहेर सोडणारी झडप. त्याखाली ३५ पासून ५९ पर्यंत निळा पट्टा काढा. ती आत घेणारी. दोन्ही रंग जेथे एकावर एक येतात ते २ सेंटिमीटर म्हणजे ओव्हरलॅप. अशाच पट्ट्या इतर दोन कॅमशाफ्टच्या काढून शेजारी ठेवा. फरक डोळ्यांनाच दिसेल.

शेवटी एक उदाहरण तुमच्यासाठी. एका कॅमशाफ्टचा आत घेण्याचा उघडकाळ २५६ अंश, बाहेर सोडण्याचा २६४ अंश, शिखरांमधला कोन ११२ अंश. ओव्हरलॅप किती? उत्तर ३६ अंश आले पाहिजे. हा कॅमशाफ्ट करंजी घाट चढणाऱ्या सुपरचार्जर मोटारीला द्याल का? दिल्यास कोणत्या वेगाला फायदा होईल आणि कोणत्या वेगाला तोटा? कारणांसह उत्तर लिहा आणि वर्गात आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांशी त्यावर चर्चा करा.